टर्बाइनमधून न गेलेले मासे

रविवार, आश्विन शुद्ध षष्ठी. गुरुवारी दसरा.

हजर: मी. माझे यजमान, गाडी चालवायला. माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. काम तिचंच होतं. वीजघरावरचे ऑपरेटर. लाल टबात रोहूची पिल्लं, बोटाएवढी.

गैरहजर: सासूबाई, कारण घरात घट बसलेले होते. आणि निळ्या टबातली पिल्लं. त्यांच्या गैरहजेरीलाही कारण सासूबाईच.

मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत आहे. आधी हजेरी, मग विषय, ही सवय तिथली. भाची त्यावरून मला चिडवते, पण त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात तिनेच मला विचारलं होतं, "मावशी, तू येशील का? मला मासे कळतात, पण सामान कळत नाही."

भाची सांगलीकडून दिल्लीला आली तेव्हा शेजारपाजारच्यांनी गृहीत धरलं की यूपीएससी करायला आली. इथे आलेल्या प्रत्येक मराठी मुलाबद्दल लोक तेच धरून चालतात. ती आली होती माशांवर पीएच.डी. करायला. तिचा प्रश्न एका ओळीचा होता: कालव्यावरच्या छोट्या टर्बाइनमधून लहान मासा गेला तर त्याचं काय होतं?

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो प्रश्न थोडा हास्यास्पद वाटला होता. मिक्सरमध्ये काय गेलं तर काय होतं, हे कोणी विचारतं का? पण तिचं म्हणणं, मिक्सर नाही, मावशी. मोठ्या दारांची फिरती खोली समज. बरेचसे मासे पात्यांच्या मधून निघून जातात. मोठा मासा पात्याला लागण्याची शक्यता जास्त, लहान मासा सटकतो. पण पातं न लागताही तो मरू शकतो. पाणी वरून दाबाने येतं आणि पात्यांमागे दाब एकदम उतरतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती फुगते. विमानात आपल्या कानांना दडे बसतात त्याचाच प्रकार, फक्त कानाऐवजी सगळं पोट.

"आणि तो मासा तिथे जातो कशाला?" हा माझा पुढचा प्रश्न.

तो जात नाही, नेला जातो. पावसाळ्यात नदीत अंडी फुटतात, पिल्लं पाण्याबरोबर खाली निघतात. नदीचाच एक मोठा भाग हरिद्वारला कालव्यात वळवलेला आहे. पिल्लाला नदी कुठली आणि कालवा कुठला हे कसं कळणार? एकदा कालव्यात शिरलं की परत वर जायची वाट नाही. जिथे कालवा एकदम खाली उतरतो तिथे बांध, आणि काही बांधांवर छोटी वीजघरं. तोच कालवा पुढे मुरादनगरला येतो, आणि त्याचंच पाणी शुद्ध होऊन आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये नळाला येतं. इथे त्या पाण्याला लोक सरळ गंगाजल म्हणतात. सोसायटीच्या नोटिशीतसुद्धा तसंच लिहितात: गंगाजल सप्लाय बंद रहेगी.

ती नोटीस दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला लागते. दसऱ्याच्या रात्री कालवा साफसफाईसाठी बंद करतात आणि दिवाळीच्या आसपास परत सोडतात. आमच्याकडे तेव्हा बादल्या, पिंपं, टँकरचा नंबर अशी यादी फ्रिजवर असते. इतकी वर्षं मी त्या बंदीकडे फक्त पाण्याच्या बाजूने पाहत आले. भाचीसाठी ती बंदी म्हणजे शेवटची तारीख होती. वीजघराची परवानगी एकाच रविवारची, तीही दुपारपर्यंत. त्यानंतर पाणीच नाही. तिच्या शिष्यवृत्तीची मुदत एकदा वाढवून झालेली होती आणि तिच्या मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे प्रकरण आकड्यांशिवाय घेणार नाही. म्हणजे त्या एका सकाळवर तिचा प्रबंध अडलेला होता.

यजमान या सगळ्याकडे जरा सावधपणे पाहत होते. तेही सरकारी नोकरीत, आणि त्यांच्या टेबलावर छोट्या जलविद्युत प्रकल्पांच्या फायली येतात. शनिवारी जेवताना त्यांनी भाचीला ऐकवलं, "आमच्या टर्बाइनला बदनाम करायला निघालीस तू. कोळसा नाही, धूर नाही, मोठं धरण नाही. पर्यावरणावरचा परिणाम नगण्य."

"काका, नगण्य म्हणजे मोजला आणि थोडा निघाला, की मोजलाच नाही?"

त्यांनी कोशिंबीर वाढून घेतली. पण रविवारी गाडी मी काढतो, असं त्याच जेवणात म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मासे आले. हापूडकडच्या एका मत्स्यबीज केंद्रातून, तळ्याच्याच पाण्यात, बॅटरीवरच्या हवेच्या पंपासह. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते चालत नाही. भाचीचं वसतिगृह दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून रात्रभर टब आमच्या बाल्कनीत. प्रत्येक पिल्लाच्या शेपटीच्या कोपऱ्याला बारीक खाच होती, म्हणजे कालव्यातल्या माशांत ती ओळखू यावीत.

टब दोन का, हे मी विचारलं. त्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

लाल टबातली पिल्लं टर्बाइनच्या वर सोडायची. ती पात्यांतून जाऊन खाली जाळ्यात येतील. निळ्या टबातली पिल्लं टर्बाइनच्या खाली, त्याच पाण्यात, त्याच जाळ्याच्या तोंडाशी सोडायची. त्यांना गाडीचे धक्के तेच, हाताळणं तेच, जाळं तेच. फक्त पाती नाहीत. लाल टबातली मेली आणि निळ्यातली जगली, तर दोष टर्बाइनचा. दोन्हीकडची सारखीच मेली, तर दोष आपल्या जाळ्याचा. निळा टब नसेल तर काहीच सांगता येत नाही. मला हे फार आवडलं. जिला काहीही करायचं नाही अशा तुकडीवर सगळं काम उभं होतं.

भाचीने सगळ्यांना एक सूचना दिली: यांना उद्यापर्यंत खायला काही द्यायचं नाही. पोट रिकामं असलं की पाणी घाण होत नाही, प्रवास सोसतो. सासूबाई देवघराच्या दारात बसून वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, किती वेळ उपाशी? भाचीने सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती मान मी होकार म्हणून नोंदवली.

सकाळी मी बाल्कनीत गेले तेव्हा निळ्या टबातलं पाणी पांढुरकं झालेलं होतं. पिल्लं वर तोंड काढून हवा गिळत होती, बरीचशी कलंडलेली. तळाशी पांढरा चिकट थर. मी हात घालून पाहिला. साबुदाणा.

सासूबाई स्नान करून, घटाला पाणी घालून, शांतपणे आल्या. त्यांच्या खिचडीसाठी साबुदाणा भिजवलेला होता, त्यातलाच मूठभर. नाही, एक मूठ नाही, पहाटे परत एकदा. लाल टब वॉशिंग मशीनच्या मागे होता आणि त्यावर झाकण बांधलेलं, नाहीतर त्यालाही मिळाला असता.

भाची टबाशी उकिडवी बसलेली. "आजी, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंस. पण देवीचे दिवस आहेत. घरात आलेला जीव रात्रभर उपाशी ठेवून मी दिवा कसा लावू? आज तू त्यांना त्या यंत्रात घालणार."

"हे नव्हते जाणार यंत्रात. हेच वाचणार होते."

सासूबाई पुढे झाल्या. टबाकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या. मला त्यांच्यावर रागवता येईना, आणि भाचीकडे बघवेना. मला जे येतं ते मी केलं: काय उरलंय ते बघितलं. निळा टब बाद. लाल टब धडधाकट. परवानगी आजचीच.

"लाल टबाचेच दोन भाग कर," मी म्हटलं.

ती म्हणाली, संख्या निम्मी होईल, मग निष्कर्ष कच्चा. मी म्हटलं, कच्चा की काहीच नाही, हे ठरव, आणि लवकर ठरव, कारण गाडी खाली सुरू आहे. तिने नाक पुसलं आणि दुसरा टब मागितला. आमच्याकडे पाण्याच्या बंदीसाठी आणलेला नवाकोरा टब होता. त्याला साबण लागलेला नव्हता, ते मी दोनदा सांगितलं.

वीजघर मुरादनगरच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या काठाने कच्च्या रस्त्याने जाऊन. जुनी विटांची इमारत, आत टर्बाइन-जनित्राचा एक छोटा संच फिरणारा. माझ्या डोक्यात वीजघर म्हणजे मोठा गडगडाट होता. इथे पिठाच्या गिरणीएवढा आवाज. ऑपरेटर अदबशीर आणि थोडे गोंधळलेले. परवानगीचं पत्र त्यांनी उलटसुलट वाचलं आणि यजमानांनाच साहेब समजून त्यांना सगळं दाखवायला लागले. यजमानांनी भाचीकडे बोट केलं. मग ऑपरेटर तिला म्हणाले, "बिटिया, मछली तो हमने कभी देखी नहीं निकलते हुए। देखने कौन जाता है।"

पाणी आत जातं तिथे कचरा अडवायला उभ्या लोखंडी गजांची जाळी. गजांमधून बोटाएवढा मासा सहज जातो. जाळीवर नवरात्र अडकलेलं होतं: झेंडूच्या माळा, लाल चुनऱ्या, नारळाच्या शेंड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य.

खाली पाणी बाहेर पडतं तिथे भाचीने जाळं लावलं. जाळ्याच्या शेपटाला एक पेटी, आत पाणी संथ राहावं अशी, म्हणजे आलेला मासा चेंगरत नाही. ते बसवताना यजमान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते. मी काठावर, हातात तक्ता. दोन रकाने: जिवंत, मृत.

काठावर आमच्या आधीपासून कोणी बसलेलं होतं. दोन बगळे आणि पाणकावळ्यांची एक रांग, सगळ्यांची तोंडं पाणी बाहेर पडतं तिकडे. मी भाचीला विचारलं, हे इथेच का बसलेत? सबंध कालवा पडलाय. ती जाळ्याची दोरी आवळत होती, ती थांबली आणि तिने पक्ष्यांकडे बघितलं. टर्बाइनमधून निघालेला मासा मेला नसला तरी गरगरलेला असतो, म्हणाली. त्याला खाली-वर कळत नाही. तेवढ्या वेळात तो उचलला जातो.

"मग तो कुठल्या रकान्यात?" मी विचारलं. तो जिवंत बाहेर आला आणि मेलाही.

तिने माझ्या हातातला तक्ता घेतला आणि तिसरी रेघ ओढली. जिवंत, पण सरळ पोहत नाही. त्या दिवसातलं माझं एवढंच योगदान, आणि मला त्याचा अजून आनंद आहे.

मग तिने वरून पिल्लं सोडली, जाळीच्या आत एका पाइपातून. आम्ही खाली पेटीकडे बघत उभे. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. पहिलं पिल्लू आलं तेव्हा मी अजून पेन उघडत होते. शेपटीला खाच, अगदी ठीक, जणू काही झालंच नाही. मग एकामागून एक. बहुतेक ठीक. एक पातं लागून कापलेलं, त्यात शंका नव्हती. काहींच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण पोट फुगलेलं आणि डोळे बाहेर आलेले. काही जिवंत, एका कुशीवर गोल गोल फिरणारी. तिसरा रकाना रिकामा राहिला नाही.

यजमानांनी न खरचटलेलं एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "याला तर काहीच लागलेलं नाही." भाची म्हणाली, दाबाचं असेल. किंवा जाळ्याचं असेल. म्हणून तर दुसरी तुकडी.

दुसरी तुकडी गाडीशेजारी सावलीत, नव्या टबात होती. टब उचलून आम्ही खाली आणत होतो, तेवढ्यात गिरणीचा आवाज खाली खाली जात बंद झाला.

ऑपरेटर वरून हात हलवत आले. जाळी पूर्ण तुंबली होती. चुनऱ्या गजांत विणल्यासारख्या बसलेल्या, पाणी आत येईना, संच बंद करावा लागला. आता माणसं येऊन जाळी खरवडणार, संध्याकाळ तरी होणार. "नवरात्रों में रोज़ का है, मैडम।"

मी सुचवलं, संच बंद असतानाच खालची तुकडी सोडून टाकू, निदान काहीतरी हाती लागेल. भाची म्हणाली, नाही. संच बंद तर पाण्याला जोर नाही. शांत पाण्यातलं जाळं कोणाला मारत नाही. मग सगळा दोष टर्बाइनवर येईल आणि तो खरा आहे की नाही ते मला कळणार नाही.

हे ती मनाविरुद्ध जाऊन म्हणत होती, ते दिसत होतं. खोटं लिहायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं "खाली सोडले" लिहिलं असतं तरी चाललं असतं, ऑपरेटरने काही बघितलेलं नव्हतं. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. पाणी संथ झालं तसे पाणकावळे एकेक करून उडाले. बगळे जरा वेळ राहिले, मग तेही गेले. भाची काठावर बसून म्हणाली, "मावशी, हे मेले हे खरं. कशाने मेले ते मला माहीत नाही."

परतताना मी मागच्या सीटवर बसले. माझ्या पायाशी टबात न सोडलेली तुकडी, पंप घुरघुरत. गाझियाबादच्या अलीकडे सिग्नलला यजमान आपणहून म्हणाले की दाब किती उतरतो हे संचाच्या कागदांवरून काढता येईल, ते बघून देतील. भाची म्हणाली, थँक यू काका. मग म्हणाली, नगण्य शब्द तेवढा काढा. ते म्हणाले, बघतो. त्या आठवड्यात त्यांनी फायलीत काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही.

दसऱ्याला कालवा बंद झाला. भाचीने मार्गदर्शकांना सगळं आहे तसं सांगितलं, साबुदाण्यासकट. मला वाटलं होतं ते भडकतील. त्यांनी इतकंच सांगितलं की पाणी सुटल्यावर दोन्ही तुकड्या एका दिवशी, आणि आधी खालची. मुदतीचं ते बोलून बघतील. बघतील, म्हणजे अजून होकार नाही.

न सोडलेली तुकडी आमच्या बाल्कनीतच राहिली. नदीत अशी कुठलीही पिल्लं सोडायची नसतात, आणि केंद्रवाला परत घेईना. ती सासूबाईंनी ताब्यात घेतली. दसऱ्याला घट उठले आणि त्यांची सकाळ टबाकडे वळली. नळाला पाणी नाही, टँकर एक दिवसाआड. त्या आपल्या आंघोळीच्या पाण्यातली अर्धी बादली बाजूला काढतात, भाचीने शिकवल्याप्रमाणे उन्हात उघडी ठेवतात, क्लोरीन उडालं की टबातलं थोडं काढून थोडं घालतात. खायला देतात ते दुकानातून आणलेलं माशांचं खाणं, चिमटीने, भाचीला फोन करून विचारलेल्या मापाने. साबुदाण्याचा विषय कोणी काढत नाही. मात्र परवा दिवाळीच्या चकल्या तळताना मला म्हणाल्या, "तिच्या परीक्षेला हीच जाणार ना? बघ कशी टणक झालीयेत. आता यंत्राला भीक घालणार नाहीत."

खाली सोडायची आहेत, यंत्रातून जाणारच नाहीत, हे मी परत समजावलं. "तेच ते," त्या म्हणाल्या. "जगली पाहिजेत, म्हणजे झालं. या वेळी जगतील."

त्याच संध्याकाळी भाचीला फोन केला तर ती म्हणाली, ही पिल्लं आता चालणार नाहीत. दोन्ही तुकड्या एकाच तळ्यातल्या, एकाच मापाच्या लागतात. ही बाल्कनीत वाढलेली, मोठी झालेली, खाऊन पिऊन सुखी. मोठा मासा पात्याला लागण्याची शक्यता जास्त, ते तर मी तिच्याकडूनच शिकले होते. माप बदललं की तुलना संपली. नवीन पिल्लं आणावी लागतील, दोन्ही टबांसाठी. बाल्कनीतल्यांचं काय, तर सोसायटीच्या बागेतल्या हौदासाठी विचारून बघता येईल.

"आजींना तू सांगशील ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

पाणी सुटल्याची बातमी आज आली. फ्रिजवरच्या यादीत पिंपं रिकामी करणे, झालं. टँकरवाल्याला नको सांगणे, झालं. परवानगीच्या नव्या पत्राचा मसुदा, झाला. हौदासाठी सेक्रेटरींना विचारणे, झालं. ते हो म्हणालेत. आत्ता बाल्कनीत सासूबाई स्टुलावर बसून उन्हातल्या बादलीत बोट बुडवून पाणी कोमट झालंय का ते बघत आहेत. त्यांना सांगणे, हे राहिलंय.